वाळवीवरचा आळ

सातबाभळी ग्रामपंचायतीचे लिपिक इनुस तांबोळी यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत खोटं एकदाच लिहिलं. पण ते इतकं मन लावून लिहिलं, की त्याचा माग काढत शिक्रापूरहून एक शास्त्रज्ञ आली.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी पंचायतीचं कार्यालय जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत गेलं. अंतर दीडशे पावलं. तेवढ्यासाठी शिपाई म्हस्कूनं आपल्या मेव्हण्याचा टेंपो सांगितला, आणि टेंपो त्या दिवशी रिकामा नव्हता. त्यात भुईमुगाच्या टरफलांची पोती होती आणि तो दौंड तालुक्यात, भीमेच्या पलीकडं, रखमाजी आबांच्या गुऱ्हाळावर जळण घेऊन निघाला होता. म्हस्कूचं म्हणणं पडलं, जाता जाता आपलं बी उतरवू. घरपट्टीची एकेचाळीस रजिस्टरं पोत्यांत भरली, ती पोती त्या पोत्यांवर ठेवली, आणि नव्या कार्यालयापुढं जी पोती उतरवली त्यांत टरफलं निघाली. मेव्हण्याला फोन लागेपर्यंत दुपार झाली. तोवर एकोणीसशे बहात्तर ते दोन हजार एक सालची सगळी घरपट्टी उसाच्या रसाच्या काहिलीखाली जळून गेली होती. "त्या दिवशी जाळ लय झकास लागला व्हता," असं रखमाजी आबांनी फोनवर आवर्जून सांगितलं.

दप्तर गेल्याचं कारण वर कळवावं लागतं. छापील नमुन्यात कारणं चार होती: पूर, आग, उंदीर, वाळवी. पाचवा रकाना 'इतर' असा होता, पण तो वापरलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. पूर म्हणावा तर सातबाभळीत पाणी टँकरनं येतं. आगीला बंबवाल्यांचा दाखला लागतो. उंदीर कागद कुरतडतो पण चिंध्या मागं ठेवतो, आणि इथं दाखवायला चिंधीही नव्हती. राहिली वाळवी.

इनुसभाईंची तालुक्यात ख्याती होती ती कागद न हरवण्याची. अंधारात हात घालून ते नव्व्याण्णव सालचा नळजोडणीचा अर्ज काढत. असल्या माणसाला 'वाळवीने खाल्ले' एवढ्या दोन शब्दांत आपली अब्रू गुंडाळवेना. हरवलंच आहे तर नीट हरवलं पाहिजे. म्हणून त्यांनी पंचनाम्यात लिहिलं: 'सदर वाळवीने मागील तपासणीनंतरच्या अकरा दिवसांत एकेचाळीस रजिस्टरे रेक्झिनच्या पुठ्ठ्यांसह, शिवणीच्या दोऱ्यांसह, लाखेच्या मोहोरांसह व टाचण्यांसह खाऊन फस्त केली असून जाताना कोणताही अवशेष मागे ठेवलेला नाही.' खाली पंच म्हणून म्हस्कूचा अंगठा. म्हस्कूला सही येत होती, पण खोट्यावर अंगठा बरा, असं त्याचं मत पडलं.

चार वर्षं काही झालं नाही. मग यंदाच्या जानेवारीत, इनुसभाई निवृत्त व्हायला सात आठवडे उरलेले असताना, कार्यालयासमोर एक गाडी थांबली. डॉ. गौतमी ओव्हाळ उतरली. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, तिशीची, आता शिक्रापूरच्या 'अग्निबीज बायोफ्युएल' कंपनीच्या प्रयोगशाळेत. तिच्या हातात तो पंचनामा होता. कुणीतरी माहिती अधिकारात मागवलेला, तिथून व्हॉट्सॲपवर गेलेला, तिथून कंपनीच्या ड्रायव्हरच्या फोनमध्ये आलेला. तिनं तो लॅमिनेट करून आणला होता.

"हे तुम्ही लिहिलंय का, मामा?"

इनुसभाईंनी चष्मा लावला. "अक्षर माझ्यासारखं दिसतंय."

"सहीपण तुमच्यासारखीच दिसतीये."

"मग मीच आसन."

गौतमी खुर्ची पुढं ओढून बसली. "शेतकरी उसाचं पाचट पेटवून देतात, बरोबर? त्या पाचटापासून इथेनॉल होतं. पेट्रोलमध्ये मिसळतात ते. पण पाचटातली साखर लिग्निन नावाच्या एका चिवट वस्तूनं घट्ट बांधलेली असते. ते फोडायला आम्हाला वाफ लागते, आम्ल लागतं, पैसे लागतात. वाळवीला काहीच लागत नाही. तिच्या पोटात सूक्ष्मजीव असतात, ते फोडतात. फक्त सगळ्या वाळव्या फार हळू खातात." तिनं पंचनाम्यावर बोट ठेवलं. "तुमच्या वाळवीनं दिवसाला पावणेचार रजिस्टरं खाल्ली. रेक्झिनसकट. रेक्झिन म्हणजे प्लास्टिक आहे, मामा. जगात अशी वाळवी नाही."

"न्हाईच," इनुसभाई मनापासून म्हणाले.

"म्हणजे तिच्या पोटात असं काहीतरी आहे जे अजून कुणाला माहीत नाही."

"त्ये बी खरं."

"आणि टाचण्या?"

"टाचण्यांचं मला आता एवढं आठवत न्हाई."

इथं म्हस्कू चहा घेऊन आत आला आणि त्यानं मदत करायचं ठरवलं. "लय हावरट वाळवी व्हती, म्याडम. आमी दोघं दारात हुभं, आन् आत नुसता कर्रकर्र आवाज."

गौतमीनं वही उघडली. "रंग कसा होता?"

"काळी," म्हस्कू म्हणाला. इनुसभाईंनी त्याच्याकडं पाहिलं. "म्हंजी पांढरी. काळ्या वाणाची पांढरी. मिश्या व्हत्या."

गौतमीनं मिश्यांची नोंद घेतली. तिला थोडी शंका आली नाही असं नाही. पण पंचनाम्यावर गोल शिक्का होता, जावक क्रमांक होता, आणि तिच्या कंपनीनं तिला सांगितलं होतं की मार्चअखेरपर्यंत हाती काही लागलं नाही तर तिचा प्रकल्प बंद. अशा वेळी माणूस गोल शिक्क्याकडं जरा प्रेमानंच बघतो.

संध्याकाळी इनुसभाईंनी बायकोला, फरहतला, सगळं सांगितलं. फरहत बोंबील भाजत होती.

"वाळवी म्हणून थांबायचं की वो," ती म्हणाली. "टाचण्या कशाला खायला लावल्या? तिच्या घशात काय अडकल्या न्हाईत, तुमच्या अडकल्या."

"आता खरं सांगितलं तर चौकशी लागंल. निवृत्तीच्या तोंडावर. आन् लोक म्हणतील, इनुस तांबोळीनं दप्तर गुऱ्हाळात घातलं."

"मग घातलं न्हाई का?"

"म्हस्कूनं घातलं."

"आन् वाळवीनं खाल्लं हे कुणी लिवलं?"

इनुसभाई जेवायला बसले. बोंबलाला चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि म्हस्कूनं बाभळीचं एक कुजकं खोड फोडलं आणि पाच डबे भरून वाळवी शिक्रापूरला पाठवली. त्यांचा अंदाज होता की वाळवी ती वाळवी. तीन आठवड्यांनी गौतमी परत आली ती पडलेला चेहरा घेऊन.

"ह्या फार साध्या आहेत, मामा. एक पान खायला आठवडा लावतात. रेक्झिनला तर तोंडही लावत नाहीत."

"एसी मानवला नसंल त्यास्नी," म्हस्कू म्हणाला. "आमच्या पावण्याला बी शिक्रापूर मानवत न्हाई. रातभर ट्रकचे हॉर्न."

"मूळ घराणं वेगळं असणार," गौतमी स्वतःशीच म्हणाली. "तेच शोधायला हवं." आणि तिनं आसपासच्या सरकारी कार्यालयांना एक साधं पत्र पाठवलं: आपल्या कार्यालयात अशा वेगानं दप्तर खाल्लं गेलं असल्यास कृपया कळवावे.

हे पत्र जिथं जिथं पोचलं तिथं तिथं माणसांना गहिवरून आलं. वर्षानुवर्षं कुणाचं काय काय सापडत नव्हतं. कुणाची मोजणीवही, कुणाचा ठराव, कुणाचा आख्खा पाझर तलाव. आठ दिवसांत अठरा कार्यालयांनी कळवलं की वाळवी आमच्याकडंही येऊन गेली. एका ठिकाणी तिनं फक्त ठेकेदाराच्या सह्या असलेली पानं खाल्ली होती आणि बाकीची फाईल जशीच्या तशी ठेवली होती. एका ठिकाणी तिनं लोखंडी कपाट खाल्लं होतं. एका ठिकाणी कपाट शिल्लक होतं पण दोन संगणक गेले होते.

गौतमीनं प्रयोगशाळेच्या भिंतीवर नकाशा लावला आणि अठरा टाचण्या टोचल्या. वाळवी शिरूर तालुक्यातून निघाली होती आणि महिन्याला दोन किलोमीटरच्या चालीनं दक्षिणेला सरकत होती. या चालीनं ती दिवाळीच्या आत भीमा ओलांडेल, असं तिनं अहवालात लिहिलं. तो अहवाल बाहेर पडताच भीमेपलीकडच्या एका कचेरीनं, दिवाळीची वाट न बघता, दोन खोल्यांचं दप्तर खाल्ल्याचं आगाऊ कळवून टाकलं.

प्रत्येक उत्तराची प्रत गौतमी सातबाभळीला धाडत होती. इनुसभाई त्या रोजच्या टपालात वाचत होते आणि बारीक होत होते. इतकी वर्षं ते आवक-जावक लिहीत आले होते, पण आपणच सोडलेली गोष्ट एकोणीस वेळा आवक होऊन येताना त्यांनी पहिल्यांदा पाहिली.

तेवढ्यात गौतमीचा फोन आला. तिला एक शेवटचा प्रयोग करायचा होता. सातबाभळीतच वारुळं खणून जी वाळवी मिळेल ती काचेच्या पेटीत घालायची आणि पुढं तसंच रजिस्टर ठेवायचं. "कोरं असलं तरी चालेल. फक्त तेवढंच जुनं, तसंच रेक्झिनचं पाहिजे."

हा निरोप सरपंच चांगुणाबाईंनी घेतला. चांगुणाबाई मोठ्या मनाच्या बाई. "पावण्याला कोरं वाढायचं व्हय?" त्या म्हणाल्या. "काय म्हणंल ती कंपनी? चांगलं भरल्यालं द्या."

भरलेलं आणि तेवढं जुनं असं एकच रजिस्टर उरलं होतं. जन्मनोंदीचं, पंच्याण्णव ते दोन हजार दोन.

इनुसभाई उभे राहिले. "ताई, ते जन्माचं हाय."

"मग?"

"सहाशे चौदा जलम हायेत त्यात."

"ते जल्मून गेले की. समोर हिंडत्यात. आता कशाला पुरावा लागतोय त्यास्नी?"

"आधार झालाय समद्यांचा," म्हस्कूनं माहिती पुरवली. इनुसभाईंनी त्याच्याकडं पाहिलं, पण म्हस्कूला अलीकडं त्या बघण्याची सवय झाली होती.

ग्रामसभेनं ठराव केला. हात वर झाले. त्यात रजिस्टरातले निम्मे लोक होते.

ते रजिस्टर म्हणजे इनुसभाईंची नोकरीतली पहिली वही. पहिली नोंद ते शेवटची, सगळं त्यांचं अक्षर. तेव्हा त्यांना शेऱ्याच्या रकान्याचं फार अप्रूप होतं, म्हणून त्यात 'पायाळू', 'जुळ्यातला धाकटा', 'बापाला दुपारी कळले' असं काहीबाही भरलेलं. नंतर एका साहेबानं तंबी दिली आणि शेरे थांबले. पण त्या सात वर्षांत गावात कोण कसं आलं हे फक्त त्या वहीला माहीत होतं.

ठरल्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव पडला. फ्लेक्स लागला: 'जगातील सर्वात वेगवान वाळवी, सातबाभळीचा अभिमान.' वर चांगुणाबाईंचा फोटो, त्याच्या शेजारी तेवढ्याच मापाचा वाळवीचा. फ्लेक्सवाल्यानं तो इंटरनेटवरून घेतला होता आणि तो मुंगळा होता. काचेच्या पेटीला झेंडूचा हार घातला. आतली वाळवी हाराच्या सावलीला जाऊन बसली. टेबलावर रजिस्टर ठेवलं आणि चांगुणाबाईंनी त्याच्या रेक्झिनला हळदकुंकू लावलं.

गौतमीनं वही उघडून दोन पानं चाळली. "ताई, हे खरं रजिस्टर आहे का?"

"आमच्यात खोटं काय मिळत न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या.

इनुसभाईंना ठसका लागला. म्हस्कूनं पाणी दिलं. पाणी पिऊन होईपर्यंत गौतमीनं पेटीचं झाकण उचललं होतं, एका पोरानं मोबाईल धरला होता, आणि चांगुणाबाईंनी दोन्ही हातांनी रजिस्टर उचललं होतं. इनुसभाई चालत पुढं गेले आणि त्यांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. एकतीस वर्षांत त्यांनी सरपंचाच्या हातातून काही काढून घेतलं नव्हतं. दिलंच होतं नेहमी, सहीसाठी.

"म्याडम," ते म्हणाले, "ह्याच्या आदी एक जागा बघायची ऱ्हायली. वाळवीचं मूळ ठिकाण."

"कुठं?"

"दौंडकडं."

"आपली वाळवी दौंडची?" चांगुणाबाईंनी विचारलं. घरात सून आणल्यावर तिचं गाव वेगळंच निघावं, तसा त्यांचा आवाज झाला.

गौतमीच्या गाडीत इनुसभाई पुढं बसले, रजिस्टर मांडीवर. न्हावरं मागं पडलं तरी त्यांना तोंड उघडता येईना, कारण गौतमीच बोलत होती.

"उगम तिकडचा असेल तर मामा, माझा नकाशा उलटाच लागला. ती दक्षिणेला जात नव्हती, दक्षिणेकडून येत होती. मी लहानपणी दौंडला राहिले आणि मला पत्ता नाही. स्टेशनवर आमच्या पप्पांच्या खोलीत वाळवी होती, पण साधी."

"साधीच आसती," इनुसभाई म्हणाले.

पारगावचा पूल ओलांडला. दोन्ही बाजूंना ऊस लागला. तिसऱ्या वळणावर गुऱ्हाळाचा धूर दिसला आणि इनुसभाईंनी हात करून गाडी थांबवली. रखमाजी आबा बाजेवर बसून गुळाच्या ढेपांवर कापड पांघरत होते. इनुसभाई त्यांना नमस्कार न घालता सरळ काहिलीखालच्या चुलवाणापाशी गेले. एक गडी त्यात जळण सारत होता. आत लाल भडक जाळ.

"हितं हाय," इनुसभाई म्हणाले.

गौतमी वाकून बघू लागली. "जाळात?"

"जाळच. वाळवी न्हाई, म्याडम. कवाच नव्हती. टरफलाची पोती म्हणून दप्तराची पोती आली, आन् ह्यांनी जाळली. खोटं मी लिवलं. अकरा दिवस मी लिवलं. टाचण्या बी मीच."

गौतमी सरळ उभी राहिली. मग म्हणाली, "मिश्या?"

"त्या म्हस्कूच्या."

"आणि एकोणीस ऑफिसं?"

"तिथं काय झालं त्यांचं त्यास्नी ठावं. पर वाळवी न्हाई गेली एवढं मी लिहून देतो."

ती बाजेच्या कडेला बसली. रखमाजी आबांनी पाहुणी म्हणून तिच्या हातावर गरम गुळाचा खडा ठेवला. तिनं तो खाल्ला. दुसरा ठेवला, तोही खाल्ला. "मी सहा आठवडे ह्या वाळवीच्या मागं आहे, मामा," ती शेवटी म्हणाली. "माझ्या साहेबांनी नकाशा दिल्लीला दाखवलाय." आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं इनुसभाईंना जास्त लागला. त्यांना वाटलं, ही ओरडली असती तर बरं झालं असतं. ते रजिस्टर छातीशी धरून उभेच राहिले.

"त्या दिवशीचा गूळ येगळाच पडला व्हता," रखमाजी आबा मधेच म्हणाले. त्यांना विषय नीट कळला नव्हता, पण गुऱ्हाळाचा आहे एवढं कळलं होतं. "निळसर झाक व्हती. शाईची असंल."

गौतमी उठली, गाडीकडं निघाली आणि चुलवाणाच्या मागच्या अंगाला एका कोंबडीला अडखळली. कोंबडी बाजूला झाली नाही. तिनं गौतमीकडं एका डोळ्यानं पाहिलं, दोन पावलं तिरकी टाकली आणि बसली. पलीकडं आणखी तीन कोंबड्या होत्या. त्यांतली एक भिंतीला टेकून उभी होती.

"ह्यांना काय झालंय?"

"प्यायल्यात," रखमाजी आबा म्हणाले. "रस उकळताना वर मळी येती, ती आमी ह्या खड्ड्यात टाकतो. खड्डा चुलवाणाला चिटकून हाय. सदा ऊन आसतो. तिथं काय तरी पिकतं आन् ह्या जाऊन पित्यात. अंडी मात्र देत्यात."

गौतमी खड्ड्यापाशी बसली. काळपट मळीवर बुडबुडे फुटत होते, संथपणे, एकामागून एक. वास दारूचा होता. तिनं पिशवीतून तापमापी काढून आत घातली आणि वाचली. मग पुसून परत घातली.

"आबा, ह्याच्याखाली विस्तव आहे का?"

"चुलवाणाची भिंत हाय की. बोट घालू नगं, पोळंल."

"अट्ठेचाळीस," ती म्हणाली. आणि मग इनुसभाईंकडं वळली, कारण ऐकायला दुसरं शुद्धीवर कुणी नव्हतं. "साखरेची दारू करणारे जंतू एवढ्या उष्णतेत मरतात, मामा. चाळिशीच्या आसपास मान टाकतात. कारखाने त्यांना गार ठेवायला केवढी वीज जाळतात. आणि इथं अट्ठेचाळीसला बुडबुडे येतायत."

"म्हंजी चांगलं हाय का?"

"माहीत नाही. तीन महिने बघायला लागेल. वाळवीइतकं चांगलं नाही." तिनं तापमापी बाहेर काढली. "पण हे आहे."

तिनं पाच बाटल्या भरल्या. प्रत्येक बाटलीबरोबर एक छापील कागद असतो, नमुना कुठं आणि कसा सापडला याचा. 'कसा' या रकान्यापाशी तिचा पेन अडला. तिनं कागद इनुसभाईंपुढं केला. "तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

इनुसभाईंनी गुळाच्या ढेपेवर कागद ठेवला. सवयीनं एक लांबलचक वाक्य हातात आलं, कोंबड्यांसह, बुडबुड्यांसह. त्यांनी ते येऊ दिलं नाही. 'खोट्या पंचनाम्याची कबुली देण्यास आलो असता दिसला,' असं लिहिलं आणि खाली सही केली.

हाच मजकूर जरा वाढवून, निवृत्तीला दोन दिवस उरलेले असताना, ते तालुक्याला साहेबांपुढं घेऊन गेले.

साहेबांनी वाचलं. "तांबोळी, हे काय आहे?"

"कबुली हाय, साहेब."

"ते दिसतंय. कशासाठी?"

"खरं हाय म्हणून."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "हे बघा. तुमच्या वाळवीवर आता एकोणीस कार्यालयं उभी आहेत. तुमची खोटी, तर त्यांची कुठनं आली? तुमच्या एकट्याच्या खरेपणापायी एवढ्या लोकांना त्रास. परवा तुम्ही सुटताय. शाल घ्या, नारळ घ्या, घरी जा."

"आवक क्रमांक द्या, साहेब."

"कारण काय टाकू? गुऱ्हाळ असा रकाना नाही."

"'इतर' हाय. पाचवा."

"तो आजवर कुणी वापरलेला नाही."

"नवाच असंल मग. चांगला चालंल."

साहेबांनी क्रमांक दिला नाही. इनुसभाई बाहेरच्या बाकावर बसून राहिले, डबा घेऊन, तो दिवस आणि पुढचाही. दरम्यान गौतमीनं एकोणीस कार्यालयांना पत्रं पाठवली की सदर वाळवी अस्तित्वात नसल्याने शोध थांबवण्यात येत आहे. पत्रं पोचताच सगळ्या ठिकाणाहून साहेबांना फोन सुरू झाले. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की आम्ही फसवले गेलो, तरी आम्हाला फसवणारा तातडीनं शोधावा. साहेबांनी दार उघडून पाहिलं तर तो बाकावर बसून भाकरी खात होता.

शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता ठपका मिळाला. टंकलेखकाला असल्या गुन्ह्याचा नमुना सापडला नव्हता, म्हणून त्यानं जवळचा घेतला होता: 'श्री. इनुस तांबोळी, लिपिक, यांनी वाळवी या किटकावर खोटा आळ घेऊन शासनदरबारी त्याची बदनामी केल्याबद्दल त्यांना सक्त ताकीद देण्यात येत असून, भविष्यात अन्य कोणत्याही किटकाबाबत असे घडल्यास कठोर कारवाई करण्यात येईल. चौकशी पूर्ण होईपर्यंत निवृत्तीचे कागद रोखून ठेवण्यात यावेत.'

इनुसभाईंनी दोनदा वाचला. "कीटक दीर्घ पाहिजे," ते म्हणाले. टंकलेखकानं परत काढून दिला.

स्कूटी घेऊन ते सातबाभळीला निघाले. आलेला कागद आवक रजिस्टरात चढवल्याशिवाय तो आला असं होत नाही, आणि आपल्यावरचा ठपका दुसऱ्या कुणाच्या अक्षरात चढावा हे त्यांना पटत नव्हतं. कार्यालयात शाल नव्हती, नारळ नव्हता. चांगुणाबाई फ्लेक्सपासून बोलत नव्हत्या. म्हस्कू तेवढा कुलूप हातात घेऊन थांबला होता. फरहतही येऊन बाकावर बसली होती. तिनं कागद मागून घेतला, वाचला आणि परत दिला.

"निवृत्तीचं कदी सोडतील?"

"सा महिनं तरी."

"बरं," ती म्हणाली. "मग घरी ऱ्हायला आल्यावर रोज रडू नका तेवढं."

इनुसभाईंनी जन्माचं रजिस्टर रेक्झिनवरचं कुंकू पुसून कपाटात ठेवलं. मग आवक रजिस्टर उघडलं, क्रमांक घातला, विषय लिहिला, आणि वेळेच्या रकान्यापाशी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. पाच वाजता त्यांची नोकरी संपली होती.

"पाचच लिवा की," म्हस्कू म्हणाला. "कोण बघतंय दोन मिन्टाचं?"

इनुसभाईंनी पाच वाजून दोन मिनिटं लिहिली. मग शेऱ्याच्या रकान्यात 'हे लिहिताना मी लिपिक नव्हतो' असं लिहून, पेनाला टोपण लावून, ते फरहतच्या मागं बाहेर पडले.